रुळांच्या आधीचा डोंगर

रूळ जुळले, वायरिंग झालं, सांधा बदलला की गाडी मुकाट्याने लूपमध्ये शिरते. तरीही समोर दिसतं ते प्लायवुडचं टेबलच. मॉडेल रेल्वेच्या नादी लागलेल्या बहुतेकांचं काम इथे येऊन अडतं. मग हिरव्या चटईचा रोल मागवला जातो, कोपऱ्यात थर्मोकोलचा ढिगारा बसवून त्याला भोक पाडलं जातं, वर चार सूचिपर्णी झाडं टोचली जातात आणि घाट तयार होतो. घरची मंडळी कौतुक करतात, पण बांधणाऱ्याला आतून ठाऊक असतं की कुठेतरी बिनसलंय.

बिनसलंय ते असं, की तो डोंगर रुळांसाठी आणून ठेवलेला आहे. खऱ्या घाटात डोंगर आधीपासून होता आणि रेल्वे मागाहून आली. भोर घाटातलं काम १८५६ साली सुरू झालं आणि घाटमार्ग खुला झाला १८६३ साली. मधली सगळी वर्षं डोंगराशी हुज्जत घालण्यात गेली. सदतीस फुटांमागे एक फूट चढ, पंचवीस बोगदे, दऱ्यांवर कमानींचे पूल, आणि एवढं करूनही एका ठिकाणी डोंगराने वळायला जागा दिली नाही म्हणून तिथे रिव्हर्सिंग स्टेशन. गाडी तिथे थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि उलट दिशेने पुढची चढण सुरू व्हायची. १९२९मध्ये नवा मार्ग आल्यावर ती कटकट संपली. यातली एकही गोष्ट शोभेसाठी केलेली नाही. प्रत्येक भिंत, प्रत्येक कटिंग, प्रत्येक कमान डोंगर आडवा आला म्हणून तिथे आहे.

देखावा बांधताना हाच क्रम मनात धरा. रूळ नव्हते तेव्हा ही जमीन कशी उतरत होती, पाणी कुठून वाहत होतं, हे आधी कागदावर काढा. मग त्या जमिनीतून रूळ न्या. जिथे जमीन वर येते तिथे ती कापावी लागेल, जिथे खाली जाते तिथे भराव घालावा लागेल किंवा पूल बांधावा लागेल. देखाव्याचा निम्मा आराखडा इतक्यातच तयार होतो.

घरात घाट किती मावतो

एचओ हे सगळ्यात चालणारं स्केल १:८७चं, म्हणजे खरा एक फूट इथे साडेतीन मिलिमीटर. या हिशेबाने कर्जत ते लोणावळा हे २८ किलोमीटर अंतर घरात आणायचं तर सव्वातीनशे मीटर लांबीची खोली लागेल, आणि मधली साडेपाचशे मीटरची चढण सहा मीटरच्या वर जाईल. जर्मनीत हँबर्गच्या मिनिआटुर वुंडरलँडमध्ये ब्राऊन बंधूंनी आल्प्ससाठी दोन मजले वापरले. आपल्याकडे बहुधा पलंग आणि कपाट यांच्यामधली जागा असते. म्हणून अख्खा घाट करायचा विचार सोडा आणि एकच प्रसंग निवडा: एक बोगद्याचं तोंड, त्याला लागून एक घळ, घळीवर तीन-चार कमानींचा पूल. एवढ्यात घाट दिसतो.

उंचीबद्दल एक गैरसमज असतो. आठ फुटी प्लायवुडवर १:३७चा चढ दिलात तरी या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम साडेसहा सेंटिमीटर उंची मिळते, आणि बऱ्याच मॉडेल इंजिनांना पाच-सहा डबे ओढत तेवढा चढही झेपत नाही. म्हणजे घाटाचा भास चढाने होतच नाही. रुळांच्या वर कडा किती आणि खाली दरी किती, यावर तो ठरतो. चढ खुशाल १:५०पर्यंत सौम्य करा, तो सगळा जोर दरीवर लावा.

गेजचा प्रश्न कुणीतरी काढणारच, म्हणून सांगून टाकतो. एचओचे रूळ १६.५ मिलिमीटर अंतराचे असतात, ते परदेशी स्टँडर्ड गेजचं माप. आपल्या १६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजला खरं तर १९.३ मिलिमीटर हवेत. बहुतेक जण हा फरक पोटात घालतात आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. जागा फारच कमी असेल तर मात्र माथेरानच्या गाडीचा विचार करा. १९०७पासून चालणारी ती दोन फुटी लाइन इतकी वळणं घेते की मॉडेलमध्ये घ्यावी लागणारी तीव्र वळणं तिथे खोटी वाटत नाहीत. तिच्यासाठी ७ मिलिमीटरचे रूळ हवेत, पण सहज मिळणारे एन गेजचे ९ मिलिमीटरचे रूळ एचओच्या देखाव्यात वापरून काम भागवता येतं.

महिना ठरवा

रंगांची खरेदी करण्याआधी हे ठरवायला हवं, आणि नेमकं हेच कुणी करत नाही. परदेशी कंपन्यांचं सामान युरोपातल्या उन्हाळ्याच्या रंगांत येतं. ते जसंच्या तसं वापरलं की आपल्या घाटात जर्मनी उगवतो. सह्याद्रीला एक रंग नाही. ऑगस्टमध्ये कातळावरून पाणी वाहतं आणि उरलेलं सगळं हिरवं असतं. सप्टेंबरअखेर सोनकीची पिवळी फुलं येतात. दिवाळीनंतर गवत माथ्याकडून पिवळं पडायला लागतं, घळीत मात्र हिरवं टिकतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये गवत वाळून खडखडीत झालेलं, पानगळीची झाडं उघडी आणि मध्येच पळस-पांगाऱ्याचा केशरी भडका. मे महिन्यात उरते ती तांबूस-तपकिरी जमीन आणि करवंदीच्या गर्द जाळ्या.

सगळ्यांना पावसाळा करायचा असतो. पहिल्या लेआउटसाठी मी तो सुचवणार नाही. एकसारखा हिरवा रंग छोट्या आकारात प्लास्टिकसारखा दिसतो आणि त्याच्या दहा छटा जमवायला हात बसलेला लागतो. नोव्हेंबर घ्या. पिवळं गवत, हिरवी झाडं, काळपट कातळ, लालसर माती: रंग आपोआप वेगळे होतात आणि चूक झाली तरी खपून जाते.

चौकट आणि सांगाडा

सपाट प्लायवुडवर बांधलेला डोंगर फक्त वर वाढू शकतो, आणि आपल्याला हवी आहे दरी. म्हणून टेबलाऐवजी लाकडी पट्ट्यांची उघडी चौकट करा, तिच्यावर कमी-जास्त उंचीचे उभे टेकू ठोका आणि त्या टेकूंवर फक्त रुळांपुरती प्लायवुडची पट्टी न्या. मग दोन्ही बाजूंना जमीन हवी तेवढी खाली सोडता येते. टेबल आधीच तयार असेल तर रूळ चार-पाच सेंटिमीटर जाडीच्या फोमच्या ठोकळ्यांवर उचलून घ्या. तेवढ्यानेही खूप फरक पडतो. मुंबईत किंवा कोकणात राहत असाल तर प्लायवुडवर पैसे वाचवू नका. आयएस ७१० शिक्क्याचं मरीन प्लाय घ्या आणि कापलेल्या कडांना प्रायमर लावा, नाहीतर जुलैत पट्टी फुगते आणि ऑगस्टमध्ये गाड्या घसरायला लागतात.

प्लास्टरला हात लावण्याआधी गाड्या भरपूर चालवून घ्या. सोल्डरचे सांधे, सांधा बदलायच्या मोटारी, चढाची सुरुवात, सगळं. नंतर दुरुस्ती करायची तर डोंगर फोडावा लागतो. बोगद्याच्या तोंडाची रुंदी पुस्तकातून घेऊ नका, आपल्या सगळ्यात लांब डब्याला विचारा. एलएचबीचा डबा साडेतेवीस मीटर लांब, म्हणजे मॉडेलमध्ये २७ सेंटिमीटर. वळणावर त्याचा मध्य आतल्या बाजूला आणि टोकं बाहेर झुकतात. डब्याच्या मध्याला आणि कोपऱ्याला पेन्सिल बांधून तो हाताने वळणावरून ढकला. पेन्सिलीने आखलेल्या दोन रेषांच्या आत काहीही येता कामा नये. इलेक्ट्रिक इंजिन असेल तर पँटोग्राफ वर करून उंचीही तपासा. आणि बोगद्याच्या आतल्या प्रत्येक इंचापर्यंत मागून किंवा खालून हात पोचला पाहिजे. गाडी घसरायची तर ती बोगद्यातच घसरते, असं धरूनच चाला.

आता जमिनीचं कवच. दिवाळीत किल्ला केलेल्या माणसाला हे शिकवायला नको. दगडविटांचा ढीग, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट, आणि त्या गोणपाटाच्या चुण्यांतून पडलेल्या दऱ्या. मॉडेलच्या डोंगराची रीत तीच, फक्त वजन आणि ओल टाळायची. जाड पुठ्ठ्याच्या दोन-अडीच सेंटिमीटर रुंद पट्ट्या कापून हॉट ग्लूने आडव्या-उभ्या जाळीसारख्या चिकटवा. जाळी दाबून, ओढून, मध्ये वर्तमानपत्राचे बोळे कोंबून आकार द्या. याच टप्प्यावर चार पावलं मागे जाऊन बघा आणि हवं तेवढं बदला, कारण इथे बदल फुकट असतो. मग त्यावर प्लास्टरचं बँडेज. औषधांच्या दुकानात हाडं बसवण्यासाठी मिळतं तेच. पाण्यात बुडवून, एकावर एक निम्मं चढवत दोन थर द्यायचे. मोठ्या डोंगराला हे महाग पडतं. त्याऐवजी जुन्या सुती कापडाच्या पट्ट्या पातळ पीओपीत भिजवल्या तरी चालतात.

पीओपी कालवताना आधी पाणी आणि मग त्यात पावडर भुरभुरवायची. उलट केलं की गुठळ्या होतात. एका वेळी वाटीभरच करा, दहा-पंधरा मिनिटांत ते आवळतं. थोडं व्हिनेगर घातलं तर जरा जास्त वेळ मिळतो. उरलेलं बेसिनमध्ये ओतू नका, पाइपातही ते तितकंच घट्ट बसतं.

थर्मोकोलवाल्यांसाठी दोन शब्द. सजावटीच्या थर्मोकोलवर महाराष्ट्रात २०१८पासून बंदी आहे, पण टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातून आलेलं घरात पडलेलं असतंच, ते डोंगराच्या पोटात जिरवा. बारीक कोरकामाला मात्र इन्सुलेशनसाठी मिळणारे एक्सपीएसचे घट्ट बोर्ड चांगले, त्यांचे दाणे सुटत नाहीत. दोन्हींना सॉल्व्हंटचा डिंक किंवा स्प्रे-पेंट लावला की ते विरघळतात, आणि गरम तारेने कापताना निघणारा धूर आरोग्याला वाईट. खिडकी उघडी ठेवा, पंखा बाहेरच्या दिशेला लावा.

कातळ

आपले बहुतेक लेआउट इथे घसरतात. बाजारात मिळणारे रबरी साचे आल्प्स किंवा रॉकी पर्वतातल्या खडकांवरून केलेले असतात: तिरके थर, टोकदार सुळके, फिकट करडा रंग. दख्खनचा डोंगर असा नसतोच. तो लाव्ह्याच्या एकावर एक पसरलेल्या थरांचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा बेसाल्ट. म्हणून त्याची मुख्य रेषा आडवी. कठीण थराचा उभा कडा, त्याखाली मऊ, सच्छिद्र थराचा उतार, त्यावर गवत, मग पुन्हा कडा. पावसाळ्यानंतर खंडाळ्याहून नागफणीकडे बघितलंत तर ही पायऱ्या-पायऱ्यांची रचना दिसते. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे विटकरी रंगाचा पट्टा असतो. मॉडेलमध्ये तो एकदाच, कटिंगच्या भिंतीत दाखवा. जाणकार माणूस तिथेच थबकतो.

करायचं कसं? डोंगराच्या कवचावर एक-दीड सेंटिमीटर जाडीचा प्लास्टरचा लेप द्या. तो चीजइतका घट्ट झाला की जुन्या स्क्रू-ड्रायव्हरने आणि बोथट सुरीने कोरायला घ्या. आधी आडव्या रेषा, त्याही पातळीत. सगळ्या लेआउटभर थर एकाच पातळीवर असले पाहिजेत. कटिंगच्या डाव्या भिंतीत एक थर रुळांपासून पाच सेंटिमीटरवर असेल तर उजव्या भिंतीतही तो तिथेच हवा, कारण मुळात तो एकच थर होता आणि रेल्वेने तो मधोमध कापला. ही एकच गोष्ट पाळलीत तर डोंगर आधीचा आणि रूळ नंतरचे, हे काही न सांगता कळतं. आडव्या रेषा झाल्या की कठीण थरांत उभ्या भेगा पाडा, मऊ थर ब्रशने घासून गोलसर करा. कड्याच्या पायथ्याशी निसटलेले धोंडे आणि चुरा हवाच. कोरताना पडलेले तुकडे तिथेच चिकटवून टाका.

रंग काळा देऊ नका. बेसाल्ट आठवणीत काळा असतो, डोळ्यांना तो तपकिरीकडे झुकणारा राखाडी दिसतो. पूर्ण वाळलेल्या प्लास्टरवर पातळ ॲक्रिलिकचे हात द्या: राखाडी, कच्चा अंबर, थोडा गेरू, तेही ठिपक्याठिपक्यांनी, एकमेकांत मिसळू देत. मग भरपूर पाण्यात चार थेंब काळी शाई टाकून ते पाणी वरून सोडा. ते भेगांत जाऊन बसतं. शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट राखाडी रंग फक्त उंचवट्यांवरून फिरवा. हे सगळं त्याच दिव्याखाली करा ज्याखाली लेआउट पाहिला जाणार आहे. पांढऱ्या एलईडीत जमलेला तपकिरी रंग पिवळ्या दिव्यात नारिंगी होऊन बसतो.

कोकणातला देखावा असेल तर हे सारं बाजूला ठेवा. तिथे वरच्या अंगाला जांभा आहे, तांबडा, भोकाभोकांचा, आणि त्याचे चिरे काढलेल्या खाणी सरळ कापलेल्या असतात. जाड स्पंज रंगात बुडवून ओल्या प्लास्टरवर दाबला की त्याचा पोत बऱ्यापैकी उठतो.

माती आणि खडी

मातीसारखी माती दुसऱ्या कशाने होत नाही. आणा, उन्हात वाळवा, जुन्या कढईत चांगली भाजा म्हणजे किडे आणि बुरशी मरते, मग मैद्याच्या चाळणीतून चाळा. ओली झाल्यावर आणि डिंक बसल्यावर ती एक-दोन छटा गडद होते, तेव्हा हवी त्याहून फिकट निवडा.

त्यानंतर लोहचुंबक. पातळ प्लास्टिकच्या पिशवीत चुंबक घालून मातीवरून, खडीवरून अनेकदा फिरवा. आपल्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, लाल मातीतही लोहाचे कण असतात. पिशवीला काळी लव चिकटलेली दिसेल. हे कण रुळांजवळ राहिले तर इंजिनाच्या मोटारीतलं चुंबक ते उचलून घेतं आणि मोटार हळूहळू घासून जाते. युरोपातल्या पुस्तकांत याला दोन ओळी असतात. दख्खनच्या मातीत याला पूर्ण एक संध्याकाळ द्या.

रेल्वेची खडी साधारण ६५ मिलिमीटरपर्यंतची असते, म्हणजे एचओमध्ये पाऊण मिलिमीटर. खडी क्रशरवरची बारीक कच दोन चाळण्यांमधून काढली की हा आकार मिळतो. बहुतेक जण फार मोठी खडी टाकतात आणि रुळांभोवती धोंडे पडल्यासारखे दिसतात. खडी टाकण्याआधी रुळांच्या बाजूंना गंजाचा तपकिरी रंग द्यायचा, मग चमच्याने खडी पसरून मऊ ब्रशने सारखी करायची. स्लीपरच्या वर एकही दाणा राहता कामा नये. कंटाळवाणं काम आहे, पण घाई केलेली इथे लपत नाही. स्प्रे बाटलीने आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हलका फवारा मारा म्हणजे खडी न हलता ओली होते. मग फेव्हिकॉल तिप्पट-चौपट पाण्यात कालवून, भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब टाकून ड्रॉपरने सोडा. सांध्याच्या हलणाऱ्या जिभेपाशी मात्र डिंक नाही. तिथे खडी जवळजवळ कोरडीच, नावापुरती. दुसऱ्या दिवशी रुळांचे माथे अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा आणि मगच गाडी काढा.

गवत आणि झाडं

दोन ते सहा मिलिमीटर लांबीचे नायलॉनचे तंतू विजेच्या भाराने डिंकात उभे रोवायचे, याला स्टॅटिक ग्रास म्हणतात. त्याचं तयार यंत्र मिळतं. हौशी लोक डास मारायच्या रॅकेटचं सर्किट काढून त्याची एक वायर धातूच्या गाळणीला आणि दुसरी ओल्या डिंकात टोचलेल्या खिळ्याला जोडतात. चालतं छान, पण बटण सोडल्यावरही कपॅसिटर झटका देतो. मुलांच्या हाती देऊ नका, पेसमेकर असलेल्यांनी जवळ उभं राहू नका, आणि शेजारी अल्कोहोलचा फवारा ओला असताना ठिणगीचा खेळ मुळीच नको. इलेक्ट्रॉनिक्सशी ओळख नसेल तर तयार यंत्र घ्यावं.

तंतू एका रंगाचे कधीच वापरू नका. नोव्हेंबरच्या घाटासाठी वाळलेल्या पेंढ्याचा रंग निम्म्याहून जास्त, उरलेल्यात ऑलिव्ह आणि मळका हिरवा. माथ्यावर पेंढा, घळीत हिरवा. कड्यांच्या पायऱ्यांवर उंच गवताचे झुबके हवेत. नारळाचा काथ्या किंवा सुतळी उलगडून बोटभर जुडी करा, बुंधा फेव्हिकॉलमध्ये बुडवा आणि लावून झाल्यावर कात्रीने छाटा. त्याला रंगही द्यावा लागत नाही.

झाडांच्या बाबतीत सगळ्यांत जास्त चुकते ती उंची. पंधरा मीटर उंचीचा आंबा मॉडेलमध्ये १७ सेंटिमीटर होतो, नारळ २० सेंटिमीटरच्याही वर जातो, आणि त्यांच्याशेजारचा माणूस फक्त दोन सेंटिमीटरचा. बाजारातल्या पाकिटातली सहा-सात सेंटिमीटरची झाडं आपल्याकडे झुडपं म्हणूनच शोभतात. पुढच्या रांगेत दोन-तीन खरोखर मोठी झाडं ठेवा, मागे मागे लहान करत न्या. दरीची खोली वाढते.

खोडासाठी जुन्या केबलमधली तांब्याची तार पिळून फांद्या सोडवायच्या, फेव्हिकॉल आणि पीओपीचा लेप द्यायचा, रंगवायचं. वाळलेल्या तुळशीची काटकी उलटसुलट बघा, तिच्यात एखादं झाड सापडतं. पानांसाठी जुन्या गादीचा फोम तुकडे करून पाणी आणि रंगासह मिक्सरमध्ये फिरवा, पिळा, वाळवा, चाळा. यासाठी वेगळं भांडं ठेवा. स्वयंपाकघरातलं वापरलंत तर छंद तिथेच संपेल. घोसाळ्याच्या वाळलेल्या शिरांचे तुकडे करवंदीच्या जाळ्यांना उत्तम. लाकडाचा रंगवलेला भुसा ही जुनी रीत अजूनही रानातल्या पालापाचोळ्यासाठी चांगली. चहाचा चोथा वापरणार असाल तर कडकडीत वाळवा, नाहीतर पावसाळ्यात त्यावर बुरशीची खरी वनस्पती उगवते.

देखावा फेब्रुवारी-मार्चचा असेल तर पानगळीची झाडं उघडीच ठेवा. सगळ्याच फांद्यांना पानं लावायची हौस आवरा. घाटात सागाचं किंवा सावरीचं निष्पर्ण झाड कड्यापुढे जितकं उठून दिसतं तितकं भरगच्च झाड दिसत नाही.

पाण्याबद्दल थोडक्यात. नोव्हेंबरच्या घाटात ओढ्याला पाणी बेताचंच. तळ आधी नीट रंगवा, मध्ये गडद, काठाला फिकट; मग दोन भागांचं इपॉक्सी तीन-तीन मिलिमीटरच्या थरांत ओता, हातमोजे घालून आणि खिडकी उघडून. तळाला सुईएवढं भोक असेल तरी रात्रीत सगळं जमिनीवर येतं. पावसाळा करायचाच असेल तर धबधब्यासाठी पारदर्शक सिलिकॉन काचेवर लांब रेघांत ओढून वाळवा, सोलून काढा आणि कड्यावर लटकवा.

मागचा पडदा

भिंतीला लागून पातळ बोर्ड उभा करा आणि कोपरा गोल वाकवा. आकाशाला काटकोन नसतो. क्षितिजाजवळ आकाश फिकट, वर गडद. दूरचे डोंगर निळसर-राखाडी, सपाट माथ्यांचे, एकामागे एक फिकट होत गेलेले, आणि त्यांच्यात तपशील जितका कमी तितका चांगला. जमीन आणि पडदा जिथे भेटतात ती रेघ लपवणं हे मुख्य काम. तिथे झाडांची रांग, भराव किंवा जमिनीचा उंचवटा आणा, जेणेकरून जमीन पलीकडे उतरते असं वाटेल.

या विद्येतला दादा माणूस कॅलिफोर्नियातल्या माँटेरेचा जॉन ॲलन. त्याने आपल्या लेआउटवर आरसे लपवून दृश्यं दुप्पट केली आणि मागे लहान मापाच्या वस्तू ठेवून अंतर वाढवलं. १९७३मध्ये तो गेला आणि थोड्याच दिवसांत तो लेआउट आगीत जळाला, पण त्याचे फोटो आजही अभ्यासले जातात. आपल्या जवळचं बघायचं तर पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभं केलेलं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८पासून लोकांसाठी खुलं. तिथे गेलात की पाच मिनिटं गाड्यांकडे पाठ फिरवा आणि फक्त जोडांकडे बघा: जमीन भिंतीला कुठे मिळते, रस्ता कुठे संपतो, बोगद्याच्या आत किती इंच दिसतं.

माणसाच्या खुणा

डोंगर तयार झाला की रेल्वेने त्याच्यावर जे केलं ते शेवटी दाखवा. बोगद्याच्या तोंडाला घडीव दगडाची कमान आणि वर पाणी वळवणारी चर. भरावाला दगडी भिंत, तिच्यात पाणी निघायची भोकं आणि भोकांखाली ओघळाचे काळे डाग. आजचा काळ दाखवत असाल तर कड्यावर दरडी रोखायची जाळी. साडी किंवा ड्रेसच्या नेटच्या कापडाचा तुकडा राखाडी रंगवून ताणला की झाली. ब्रेक निकामी झालेल्या गाडीसाठी चढाकडे वळवलेली कॅच सायडिंग हे घाटाचं खास वैशिष्ट्य आहे आणि मॉडेलमध्ये ती फुटभर जागेत बसते. कर्जतला गाडीमागे बँकर इंजिनं लागतात. तुमच्याकडे एखादं जास्तीचं इंजिन धूळ खात पडलं असेल, तर त्याला काम मिळालं.

माणसं कमी ठेवा. भगव्या जॅकेटातले दोन ट्रॅकमन, कठड्यावर माकडं, पायवाटेवर डोक्यावर मोळी घेतलेली बाई. पाकिटातल्या युरोपियन बाहुल्यांना पातळ टिश्यूचा पदर चिकटवला आणि रंग बदलला की त्या इथल्या होतात. धावण्याच्या पवित्र्यातली माणसं घेऊ नका; थांबलेला माणूस चालत्या गाडीपुढे खरा वाटतो, अर्ध्या पावलावर गोठलेला वाटत नाही.

हे सगळं एकदम करायला घेऊ नये. आधी दोन फूट बाय एक फुटाच्या तुकड्यावर एक कटिंग, एक कडा आणि वीतभर रूळ पूर्ण करून बघा. तो बिघडला तर फेकता येतो, जमला तर नंतर लेआउटमध्ये जोडता येतो.

राहता राहिली धूळ आणि पावसाळा. रोज काम संपलं की लेआउटवर पातळ सुती चादर टाका. प्लास्टिक नको, त्याखाली ओल कोंडते. महिन्यातून एकदा मऊ मेकअप ब्रशने धूळ झटका आणि व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला जुना पायमोजा बांधून ती ओढून घ्या. निसटलेली माणसं आणि खडी मोज्यात सापडतात. भुसा, काटक्या, काथ्या वापरलेल्या भागात कसर आणि मुंग्या येतात, तेव्हा जूनच्या आधी कोपऱ्यांत डांबराच्या गोळ्या ठेवा, पण थर्मोकोलला त्या चिकटू देऊ नका, त्याही ते खातात.